जात्याला टाकी

“टाकी है क्या, टाकी?” साहेबरावांनी हातानं ठोकल्याची खूण करून विचारलं.

फूलमतीनं मान डोलावली आणि त्यांना जिन्यानं गच्चीवर नेलं. तिथं पाण्याची काळी टाकी होती. तिनं झाकण उघडून दाखवलं. “भरी है भैया. नहा लीजिए.”

खाली अंगणात निमोण्याची आणि दौंडची मंडळी पोट धरून हसायला लागली.

“आबा, घ्या उरकून आंघूळ! बाई एवढं म्हनतीय तर!” महेंद्र ओरडला.

साहेबरावांनाही हसू आलं. सात महिन्यांत पहिल्यांदा आलं, हे त्यांच्या लक्षात आलं.

महेंद्र दौंडच्या शाळेत मास्तर. दोन हजार तीनच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यानं बावीस जणांची लुंबिनीची यात्रा काढली होती. दौंडहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं नेपाळ. लुंबिनी दीड कोसावर आली आणि बस अडली. पुढं बंद होता. फूलमती नावाच्या बाईनं सगळ्यांना घरात घेतलं. परक्या माणसांनी रस्त्यावर फिरू नये म्हणून दोन दिवस तिनं कुणाला अंगणाबाहेर सोडलं नाही, आणि दोन्ही दिवस भात-डाळ रांधून घातली. तिसऱ्या दिवशी तांदूळ संपला. घरात गव्हाचं पोतं होतं, पण गावातली चक्की बंद. सासूच्या वेळचं जातं होतं, ते झिजून गुळगुळीत झालेलं. गहू घातले की नुसते दुभंगून बाहेर पडत.

साहेबरावांनी त्या जात्यावरून तळवा फिरवला होता आणि नकळत तोंडातून शब्द गेला होता. टाकी.

निमोण्यात त्यांची पिठाची गिरणी. एकतीस वर्षं दर आठवड्याला दगड उतरवायचा, पोलादी टाकीनं ठोकून खरबरीत करायचा, पुन्हा चढवायचा. ठोकायचं काम त्यांचं. पण दगड लागला की नाही हे ठरवायचं काम बायकोचं, पार्वतीबाईंचं. ती पीठ चिमटीत धरायची. म्हणायची, “अजून दोन हात मारा.” नाहीतर म्हणायची, “झालं.” साहेबरावांची बोटं दगडावर बधिर झालेली, त्यांना पिठातलं काही कळायचं नाही. मग ती चिमूट त्यांच्या गालाला लावायची. “बोटं गेली तुमची. गालाला तरी कळतंय का?”

एप्रिलमध्ये ती गेली. त्यानंतर त्यांनी टाकी हातात धरली नव्हती. ‘झालं’ कोण म्हणणार? गाव दळण घेऊन न्हावऱ्याला जायला लागलं. निघताना त्यांनी महेंद्रला सांगितलं होतं, “येवढी तिची लुंबिनी बघायची इच्छा पुरी करतो. आलो का गिरणी मोडीत काढतो.” पिशवीत तिचं निळ्या काठाचं पांढरं पातळ होतं. ते लुंबिनीत न्यायचं, एवढंच काम उरलंय असं ते मानत होते.

“आबा, जमंल का तुम्हाला?” महेंद्रनं आता हळूच विचारलं. “सकाळधरनं बायाबापड्या उपाशी हायती. बाई शेजारनं उसनं मागून आली, कुनाकडंच काय न्हाई.”

“ठोकायला काय, जमंल,” साहेबराव म्हणाले. “पुढचं सांगता येत न्हाई.”

“पुढचं काय असतंय?”

“तुला न्हाई कळायचं, मास्तर. बसच्या डायव्हरकडनं छिन्नी आन् हातोडी आन.”

छिन्नी बोथट होती. ती त्यांनी विहिरीच्या कडेवर घासून घेतली. जात्याची वरची तळी उलटी केली, चष्मा नाकावर दाबला आणि बसले. पहिले ठोके वेडेवाकडे पडले. मग हाताला जुनी चाल सापडली. मधून कडेकडे, कडेला बारीक. टक टक टक. दगडाचा आवाज बदलत गेला. अंगणातली बडबड आपोआप थांबली.

“म्हातारं टाइपराइटर चालवल्यागत चालवतंय की,” दौंडची सोजराबाई म्हणाली.

“बोलू नगं मावशे, कपची डोळ्यात जाईल,” साहेबराव मान वर न करता म्हणाले.

दोन्ही तळ्या झाल्या. जात्याखाली अंथरायला फूलमती गोणपाट घेऊन आली. साहेबरावांनी गोणपाटाकडं पाहिलं. मग उठले, पिशवीतून पांढरं पातळ काढलं आणि दुहेरी करून अंथरलं.

“आबा, ते तर...” महेंद्र बोलायला गेला.

“माहितीय मला ते काय हाय.”

पहिल्या दोन मुठींत दगडाची कणी असते. ते दळण त्यांनी काढून टाकलं. मग फूलमती आणि सोजराबाई समोरासमोर बसल्या, खुंटा धरला. जातं घरघरलं. कडेनं पीठ झिरपायला लागलं.

साहेबरावांनी चिमूट फूलमतीपुढं धरली. “देखो. हुआ क्या?”

ती हसली. “हमसे क्या पूछते हो भैया? मिस्त्री तो तुम हो.”

सगळे त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी पीठ बोटांत चोळलं. काही कळलं नाही. एकतीस वर्षं कळलं नव्हतं, आज कुठून कळणार? मग त्यांनी डोळे मिटले आणि चिमूट गालाला लावली.

रवाळ होतं. अजून चावत होतं.

“थांबा,” ते म्हणाले. तळी पुन्हा उलटी केली. कडेला दोन हात मारले. पुन्हा दळण घातलं, पुन्हा चिमूट गालाला लावली. या वेळी गालाला फक्त ऊब कळली.

“झालं,” साहेबराव म्हणाले.

आवाज त्यांचाच होता. तरी त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं.

दुपारी चुलीवर पोळ्या फुगल्या. बावीस पाहुणे, फूलमतीचं घर आणि पीठ आल्याचं ऐकून आलेली शेजारची दोन घरं, सगळे जेवले. संध्याकाळपर्यंत शेजारच्या बाया आपापल्या जात्याच्या तळ्या डोक्यावर घेऊन दारात उभ्या होत्या. “पाटा है? वह भी लाओ,” साहेबराव ऐटीत म्हणत होते, आणि त्यांचं हिंदी ऐकून महेंद्र कपाळाला हात लावत होता.

चौथ्या दिवशी बंद उठला. फूलमती पाहुण्यांबरोबर स्वतः बसमध्ये चढली. मीच दाखवणार म्हणाली. तिनं मंदिर दाखवलं, तळं दाखवलं. अशोकाच्या खांबापाशी सगळे फोटो काढायला लागले. साहेबराव मात्र पातळाची पिशवी काखेत धरून खांबावरच्या अक्षरांपुढं उभे राहिले.

“मास्तर, ह्ये बघ. येक टवका उडाला न्हाई कुठं. काय हात असंल कारागिराचा!”

“दोन हजार वर्षांच्या वर झाली, आबा.”

“आन् त्यालाबी कुनीतरी ‘झालं’ म्हनलं असंल बघ.”

परतताना सीमेच्या अलीकडं फोनचं बूथ दिसलं. साहेबरावांनी बस थांबवायला लावली आणि निमोण्याला शेजारी फोन लावला. “जयसिंग, गिरणीचा वरचा दगड उतरवून ठेव. व्हय, मी साहेबराव. सोमवारी टाकी लावतो. न्हावऱ्याला जानाऱ्यांना सांग, थांबा म्हनावं.”

बसमध्ये महेंद्रनं पिशवीतलं पार्वतीबाईंचं पातळ घडी करायला घेतलं. विणीत पीठ बसलं होतं. तो ते खिडकीबाहेर झटकायला उठला.

“झटकू नगं,” साहेबराव म्हणाले. “हाय तसं दे इकडं.”

त्यांनी ते मांडीवर घेतलं, हळूच घडी केली आणि हाताला लागलेलं पीठ गालाला लावलं.