डब्यातला पिंपळ

छप्पन साली माझे सासरे उकंडा नागपूरला दीक्षा घेऊन परतले, तेव्हा ओल्या फडक्यात पिंपळाचं रोपटं घेऊन आले. वस्तीत विहार बांधला की त्याच्या अंगणात लावायचं, असं ठरलं. विहार काही झाला नाही. चार वर्षं पिंपळ तेलाच्या डब्यातच राहिला. खोड अंगठ्याएवढं आणि उंची हातभर. गेल्या वर्षी सासरे गेले. जाताना सासूला, तुळसाबाईला, एकच सांगून गेले, "याले मरू देऊ नको."

आणि या चैत्रात तो मरायला टेकला. घाटंजीच्या रस्त्यावरच्या पिंपळांना तांबूस पालवी फुटली होती, आमच्याची उरलीसुरली पानं पिवळी पडून गळत होती. वस्तीतल्या बाया नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून पाणी आणायच्या आणि घरी जाताना हात जोडून एकेक तांब्या डब्यात ओतायच्या. पान गळलं की दोन तांबे. मायेला काही सुमारच नव्हता.

माझा बाप यवतमाळला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. मी मातीत बोट घातलं, तर कुजका वास आला. डबा तिरपा करून पाहिला, तर बुडाला एक भोक नाही! पाण्याचा थेंब वाया जाऊ नये म्हणून सासऱ्यांनी पाडलंच नव्हतं; ते होते तोवर पाणीही बेतानंच पडायचं. मी कपाळावर हात मारला. रोप उपसलं, काळी पडलेली मुळं विळ्यानं कापली, डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, रेताड माती भरली. मग डबा सावलीत ठेवून सगळ्यांना सांगितलं, "आता मले इचारल्याबिगर कोनी पानी टाकाचं नाही."

वस्ती माझ्यावर उखडली. शेजारची रुखमाबाई म्हणाली, "सासऱ्याची निशानी मारून राह्यली." सासूनं बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी शेवटचं पान गळलं, डब्यात नुसती काडी उरली. मुळं जास्त तर कापली नाहीत ना, या धास्तीनं मी रात्री उठून उठून डबा पाहायची.

नवव्या दिवशी भर दुपारी सासू तांब्या घेऊन आली. मी तिचं मनगट धरलं.

"सोड! जनमभर इहिरीवर लोकायनं आपल्याले पानी नाही म्हटलं," ती ओरडली. "आन् तू तुह्या सासऱ्याच्या झाडाले नाही म्हनून राह्यली?"

मला रडू फुटलं, पण मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताच्या नखानं मी खोडाची साल खरवडली. वर सगळं वाळलेलं. आणखी खाली, अगदी मातीजवळ खरवडलं, तेव्हा केसाएवढी हिरवी रेघ दिसली.

सासूनं वाकून ती रेघ पाहिली.

"जगते का वं?"

"मले मालूम नाही, माय."

ती डब्याशेजारी बसली. दिवस बुडेपर्यंत बसून होती, भरला तांब्या मांडीवर धरून. झाडाला घातला नाही, आणि स्वतःही त्यातला घोटभर प्यायली नाही.