दत्तरावांचा अर्ज

पूर्णेच्या स्टेशन रोडवरच्या अभ्यासिकेत सुकेशनीचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता. निदान इंग्रजीच्या बाबतीत तरी. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेत एका वाक्याचे चार तुकडे करून देतात आणि कोणत्या तुकड्यात व्याकरणाची चूक आहे ते विचारतात. बाकीची पोरं-पोरी एकेक वाक्य तीन-तीनदा वाचायची, पेन्सिल चावायची, शेवटी अंदाजानं खूण करायची. सुकेशनीला चूक दिसायची. तांदूळ निवडताना खडा दिसतो ना, तशी. चोवीस वर्षांची पोर, दोनदा थोडक्यात हुकलेली. पण ‘एरर’ म्हटलं की सगळे तिच्याकडेच वळायचे.

अभ्यासिका चालवणाऱ्या नागेशनं दीडशे जणांचा एक ग्रुप केला होता. रोज सकाळी सुकेशनीनं त्यात पाच वाक्यं टाकायची, दुपारपर्यंत उत्तरं यायची, संध्याकाळी ती कारणं समजावून सांगायची. वर्षभर हे छान चाललं. मग पुस्तकं संपली. तीच वाक्यं फिरून यायला लागली, आणि पोरं वाक्य न वाचताच उत्तरं द्यायला लागली. एकदा नागेश सगळ्यांसमोर म्हणाला, “सुकेशनी, काहीतरी ताजं आण की. हे तर आता पाठच झालं सगळ्यांला.”

ते तिला लागलं.

त्याच रविवारी सकाळी ती घरात एकटी होती. तिचे वडील दत्तराव रेल्वेत रुळांची देखभाल करणारे ट्रॅकमन. चुडाव्याकडच्या गँगमध्ये बावीस वर्षं काढलेली, हाताला घट्टे, उन्हानं मान काळी पडलेली. ते आणि आई पंचफुलाबाई दोघं विहारात वंदनेला गेले होते. टेबलावर रेघांचा एक कागद होता. दत्तरावांनी आदल्या दिवशी बसून लिहिलेला रजेचा अर्ज. इंग्रजीत. अक्षर मोठं, गोल, प्रत्येक शब्दाखाली पेन दाबलेला.

“रिस्पेक्टेड सर, आय अॅम वर्किंग इन गँग सिन्स ट्वेंटी टू इयर. माय डॉटर आर गिव्हिंग द एक्झाम इन संभाजीनगर. शी इज मोर इंटेलिजंटर दॅन मी...”

सुकेशनीनं पुढचं वाचलंच नाही नीट. म्हणजे वाचलं, पण बापाचं म्हणून नाही. डोळे खडे वेचत गेले. सिन्स नको, फॉर पाहिजे. इयर नाही, इयर्स. डॉटरला आर कसं? मोर आणि वरून इंटेलिजंटर! तिला हसूच आलं. आणि हसता हसता वाटलं, हे तर ताजं आहे. कुठल्याच पुस्तकात नाही.

तिनं कागदाचा फोटो काढला, वरचं नाव आणि खालची सही कापली आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, “आजचा खास सराव. एका पानात किती चुका? मोजून दाखवा.”

दुपारपर्यंत नुसता धुमाकूळ. कुणी सात म्हणालं, कुणी नऊ. एकानं विचारलं, “हा माल कुठल्या शाळेचा?” दुसऱ्यानं लिहिलं, “साहेब चक्कर येऊन पडला असंल.” हसणारी तोंडं रांगेनं आली. सुकेशनीनंही एक हसणारं तोंड पाठवलं. संध्याकाळी तिनं लाल अक्षरात हिशेब लावून दिला. एकूण अकरा. ‘मोर इंटेलिजंटर’ तर अभ्यासिकेत म्हणच झाली. चहाच्या टपरीवर पोरं एकमेकांना म्हणायची, “काय, आज लय मोर इंटेलिजंटर दिसायलास.” नागेशनं तिची पाठ थोपटली.

सोमवारी दत्तरावांनी तोच कागद घडी करून खिशात घातला आणि सेक्शनच्या ऑफिसात देऊन आले. रजा मंजूर झाली. घरी येऊन ते पंचफुलाबाईंना म्हणाले, “साहेबांनी एक शब्द इचारला न्हाई. वाचलं आन् सही केली.” सांगताना आवाजात जी ऐट होती, ती सुकेशनीनं ऐकली आणि ताटातल्या भाकरीकडे बघत राहिली.

बुधवारी दत्तराव कामावरून आले ते तापलेलेच. बजरंग त्यांच्याच गँगमधला, त्याची मुलगी अपेक्षा त्याच अभ्यासिकेत जायची. तिनं गंमत म्हणून, कुणी टाकला ते न सांगता, बापाला फोटो दाखवला होता. बजरंगनं अक्षर ओळखलं. बावीस वर्षं शेजारी उभं राहून काम केलेला माणूस, तो ओळखणारच. त्यानं दत्तरावांना बाजूला घेऊन सांगितलं आणि फोटो त्यांच्या फोनवर धाडला.

“आफिसातून गेलाय कागद,” दत्तराव बूटसुद्धा न काढता बोलत होते. “तो आबासाहेब क्लार्क, त्याच्याबिगर दुसरं कोन? माझा अर्ज, साहेबाच्या टेबलावरचा, आन् गावभर फिरायलाय!”

“जाऊ द्या ना बाबा,” सुकेशनी म्हणाली.

“का म्हून जाऊ द्या? मला हसले तर हसू दे. पण तुझ्या परीक्षेचं हाय त्याच्यात. लेकराच्या कामाच्या कागदावर हसतेत म्हंजे काय?”

त्याच वेळी ती बोलली असती तर निदान आबासाहेबांवरचा आळ तरी टळला असता. तिला ते कळत होतं. तोंड उघडलंही तिनं. पण पंचफुलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, दत्तराव घटाघटा पाणी प्यायले, आणि तो क्षण गेला. एकदा गेला की मग प्रत्येक क्षणी सांगणं जास्त अवघड होत जातं.

गुरुवारी त्यांची सुट्टी होती. त्यांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला आणि म्हणाले, “चल माय. तू चल माझ्यासंगं. मी बोलाय लागलो की राग येतो, शब्द सुचत न्हाईत. तू नीट इचार त्याला. इंग्रजीतच इचार.”

ती गेली. न जायला कारण काय सांगणार?

ऑफिसात आबासाहेब टेबलाशी होते. पन्नाशीचा, चष्मा नाकावर आलेला माणूस. दोन-तीन कामगार पगाराच्या कुठल्या तरी कागदासाठी ताटकळत उभे होते. दत्तरावांनी आत पाऊल टाकलं आणि सुकेशनीनं काही विचारायच्या आधीच सुटले. “आबासाहेब, आमी तुमाला इमानदार माणूस समजत व्हतो. माझा अर्ज तुमी पोरासोरांच्या हातात दिला. काय मिळालं तुमाला?”

आबासाहेबांनी चष्मा वर केला. “कुठला अर्ज? काय बोलायलाव तुमी दत्तराव?”

“रजेचा. फोटो काढून फिरवलाव.”

“मी?” ते खुर्चीतून उठलेच. “माझी तीस वर्षं नोकरी झाली. आजवर कुणी बोट दाखवलं न्हाई. फोटो दाखवा.”

दत्तरावांनी फोन पुढे केला. आबासाहेबांनी कपाटातून फाईल काढली, पानं उलटली आणि मूळ अर्ज टेबलावर ठेवला. फोन त्याच्या शेजारी ठेवला. उभे असलेले कामगार पण वाकून बघू लागले.

“हे बघा,” आबासाहेब कागदावर बोट ठेवून म्हणाले. त्यांचा आवाज आता शांत होता, आणि सुकेशनीला तो शांतपणाच जास्त भीतीदायक वाटला. “कागद माझ्या हातात आला की पहिलं काम आवकचा शिक्का. हा बघा जांभळा. खाली नंबर, तारीख. आता फोटोत बघा. शिक्का हाय का? न्हाई. म्हंजे हा फोटो कागद माझ्याकडं यायच्या आधीचा हाय. सोमवारच्या आधी हा कागद कुठं व्हता, तुमीच सांगा.”

दत्तराव फोनकडे बघत राहिले, मग कागदाकडे. त्यांच्या कपाळावरची शीर हलताना सुकेशनीला दिसली. कागद कुठं होता? घरातल्या टेबलावर. घरात फोटो काढता येणारं माणूस एकच.

आता ते वळतील, आता बघतील, म्हणून तिनं खाली मान घातली. ते वळले नाहीत. त्यांनी दोन्ही हात जोडले.

“चुकलं माझं, साहेब.”

“अहो पण काढला कुणी मग?”

“माझ्याच हातून झालं असंल. फोनचं मला काय कळतंय? कुठंतरी बोट लागलं असंल आन् गेला असंल.”

उभ्या कामगारांपैकी एक जण फिसकन हसला. आबासाहेबांची नजर एकदा सुकेशनीवरून गेली. “बसा दत्तराव. चहा सांगतो,” ते म्हणाले.

“न्हाई साहेब. पोरीचा अभ्यास हाय.”

जमीन फाटत नाही, ते फक्त बोलायचं असतं. सुकेशनी दोन्ही पायांवर नीट उभी होती. बाप तिच्यासाठी चारचौघांत खोटं बोलला, येडा ठरला, आणि ती गप्प उभी राहिली. फोटो टाकला तेव्हा निदान तिला कळलं नव्हतं, ती काय करतेय. आता सगळं कळत होतं.

परत येताना दत्तराव दोन पावलं पुढं चालत होते. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जायला वेळ लागला. डबे खडखडत जात असताना त्यांनी समोर बघतच विचारलं, “किती निघाल्या?”

तिला कळलं. तरी म्हणाली, “काय बाबा?”

“चुका.”

“अकरा.”

त्यांनी मान हलवली. “मला दोन-तीनची शंका व्हती. त्या सिन्सचं वाटलंच व्हतं.” थोडं थांबून म्हणाले, “अकरा म्हंजे लय झाल्या.”

“बाबा, मी...”

फाटक उघडलं. ते चालू लागले.

त्यांनी घरी काहीच सांगितलं नाही. पंचफुलाबाईंनी विचारलं तर म्हणाले, “मिटलं.” सुकेशनीला वाटत होतं, त्यांनी ओरडावं, एक थोबाडीत द्यावी, जेवण बंद करावं. ते नेहमीसारखे जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाच वाक्यं टाकली नाहीत. ग्रुपवर लिहिलं, “रविवारचा अर्ज माझ्या वडिलांचा होता. त्यांना न विचारता मी फोटो टाकला. तुम्ही हसलात ते मी हसायला लावलं म्हणून. मी पण हसले. ते ट्रॅकमन आहेत आणि तो अर्ज माझ्यासाठी होता.” पाठवल्यावर फोन उलटा ठेवला. नागेशचा फोन आला. “अगं डिलीट कर ते. कशाला स्वतःची इज्जत घालवायलीस? कुणाला माहीत होतं?” तिनं डिलीट केलं नाही. अपेक्षाचा निरोप आला, “ताई, मला खरंच माहीत नव्हतं. बाबांना दाखवायला नको होता मी.” बाकी ग्रुप गप्प होता. एवढ्या लोकांची एकदम शांतता तिनं पहिल्यांदाच पाहिली.

मग ती एकटी ऑफिसात गेली. आबासाहेबांसमोर उभी राहून म्हणाली, “काका, फोटो मी काढला होता. बाबांच्या हातून नाही झालं.”

“मला कालच कळलं व्हतं,” ते म्हणाले. “तुझं तोंड बघून. मी म्हणलं, ही आता बोलंल, मग बोलंल.” त्यांनी पेनचं टोपण लावलं. “साहेबांनी तो अर्ज एका मिनिटात मंजूर केला, पोरी. काय पाहिजे ते त्यांला समजलं. आमाला इथं तेवढंच लागतंय.”

तिला रागावले असते तर बरं झालं असतं.

परीक्षेला दत्तराव बरोबर आले. त्यांनी तिला खिडकीजवळ बसवलं, केंद्राच्या गेटवर ओळखपत्र आहे का ते दोनदा विचारलं, तिचा पेपर होईपर्यंत उन्हात बसून राहिले. कुठं काही कमी केलं नाही. फक्त बोलणं कामापुरतं. पेपरात इंग्रजीची चुका ओळखायची वाक्यं आली. तिनं सगळी सोडवली, पण आनंद असा झाला नाही. दोन महिन्यांनी निकाल लागला. पहिला टप्पा पार झाला होता. पंचफुलाबाईंनी पेढे आणले. दत्तरावांनी अर्धा खाल्ला, म्हणाले, “चांगलं झालं माय. आता पुढचं बघ.”

त्याच आठवड्यात पंचफुलाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दत्तरावांना परत रजा पाहिजे होती. सुकेशनीनं पाहिलं, ते ओट्यावर बसून हिंदीत अर्ज लिहीत होते.

“बाबा, इंग्रजीत लिहा ना. मी नाही बघणार. पाहिजे तर मी आत जाते.”

“नवा साहेब बिहारचा हाय. हिंदी चालतंय त्याला.”

ती त्यांच्या शेजारी बसली. मग, इतक्या वर्षांत कधीच न विचारलेलं विचारलं. “तुमी इंग्रजी शिकलाव कुणाकडून?”

दत्तरावांनी पेन थांबवला. “कुणाकडून न्हाई. धाव्वीत तीनदा त्याच्यातच नापास झालो. नोकरी लागल्यावर साहेबलोकांची जुनी पत्रं दिसायची, ती उतरवून घ्यायचो. घरी येऊन एकेक वाक्य लिहायचो. दोन वह्या भरल्या व्हत्या.”

“मला दाखवा.”

“रद्दीत दिल्या.”

“कधी?”

“मागं. तुझ्या परीक्षेच्या आधी.”

सुकेशनीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचीही तिला लाज वाटली. दत्तरावांनी अर्ज पूर्ण केला, सही केली, घडी घातली. उठताना क्षणभर तिच्या डोक्यावर हात टेकला. आधारासाठी की आणखी कशासाठी, ते तिला कळलं नाही.

“चल,” ते म्हणाले. “तुझ्या मायच्या डोळ्यात औषध घालायची येळ झाली.”