गाडीत बसणार कोण?

वाल्मीकच्या पिकअपला मोठे टायर बसले ते साल ब्याण्णव. आदल्या पावसाळ्यात नाल्याकाठच्या काळ्या रानात ती गाडी तीनदा पोटापर्यंत रुतली होती, आणि तिन्ही वेळा शेजारच्या मगननं बैलजोडी लावून ती ओढून काढली होती. काढताना तो म्हणायचा, "वाल्मीकभाऊ, गाडीले थोडा चारा टाकत जा ना!" गावभर हसू. वाल्मीकपेक्षा ते त्याच्या बायकोला, बेबाबाईला, जास्त झोंबलं. होळी झाली तसा तिनं धोशाच लावला, आणि दोघं गाडी घेऊन धुळ्याला गेले.

आग्रा रोडवर रतिलाल मिस्तरीचं गॅरेज होतं. त्यानं गाडीखाली डोकं घालून पाहिलं.

"नुसते मोठे टायर चालायचे नाहीत, भाऊ. वळणावर मडगार्डला घासतील. आधी कमानीचे पाटे वाढवून गाडी वर घ्यावी लागेल, चांगली वीतभर." मग हात पुसत त्यानं विचारलं, "गाडीत बसणार कोण?"

वाल्मीक तोंड उघडायच्या आत बेबाबाई म्हणाली, "माल. आन आम्ही दोघं."

दर शनिवारी केबिनमध्ये खिडकीशी बसून तालुक्याच्या बाजाराला जाणारी सासू त्या क्षणी तिला आठवलीच नाही. डोळ्यांपुढे होती ती मगनची बैलजोडी.

दुसऱ्या दिवशी गाडी गावात शिरली तेव्हा पारावरचे लोक उठून उभे राहिले. मगननं टायरवर थाप मारली. "आते मना बैल रिकामे व्हयनात!" बेबाबाई वरून हसली. केबिनची पायरी आता तिच्याही मांडीला लागत होती, पण ती तरणीताठी, एका झेपेत वर.

रात्री जेवताना वाल्मीकनं सगळी हकीकत आईला, ताईबाईला, रंगवून सांगितली. मिस्तरीचा प्रश्न सांगितला, बायकोचं उत्तरही सांगितलं, आणि स्वतःच हसला. ताईबाईनं भाकरी मोडली.

"बराबर बोलनी ती," ती म्हणाली. "गाडी मालनीच ऱ्हास."

पहिल्या शनिवारी ताईबाईचं पोट बरं नव्हतं. दुसऱ्या शनिवारी शेळी व्यायला झाली होती. तिसऱ्या शनिवारी तिनं काही कारणही सांगितलं नाही, नुसती पिशवी सुनेच्या हातात दिली. बेबाबाईनं मनाला विचारलं नाही. खिडकीची जागा मिळाली, ऐसपैस बसता आलं, एवढंच तिला जाणवलं.

मग आखाजी आली, लेकींनी माहेरी यायची अक्षय तृतीया. नवरा वारल्यापासून लेकीला आणायला ताईबाई स्वतः जायची. लेक सुनंदा वरणगावला दिलेली. आई दारात आल्याशिवाय ती पिशवीसुद्धा भरत नसे.

आखाजी चार दिवसांवर असताना, भर दुपारी बेबाबाई शेण आणायला गोठ्यात गेली आणि दारातच थबकली. ताईबाईनं लुगडं वर खोचलं होतं. एका हातानं तिनं छपराची मेढ धरली, उजवा पाय गव्हाणीच्या काठावर टेकला आणि अंग वर रेटलं. अर्ध्यावर गुडघा डगमगला. ती खाली आली, कंबर चोळली, पुन्हा पाय टेकला. म्हैस रवंथ थांबवून तिच्याकडे बघत होती. चौथ्या खेपेला ताईबाई गव्हाणीवर उभी राहिली आणि लहान पोरीसारखी स्वतःशीच हसली.

बेबाबाई आवाज न करता मागे सरली. रिकामी पाटी घेऊन ती चुलीपुढे बसून राहिली.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "गाडी खाली घ्या परत."

"येडी व्हयनी का? टायर घासतील. आन मगन काय म्हनीन?"

"मंग एष्टीनं जाऊ."

"दारात गाडी ठेवून? भैनीच्या सासरी?"

खरं कारण तिच्या ओठांवर आलं होतं, पण गोठ्यात पाहिलेलं बोलून दाखवलं तर सासूला आणखी उघडं पाडल्यासारखं होईल, म्हणून ती भाकरी थापायला वळली.

निघायच्या सकाळी गाडी पारापाशी उभी होती. मगन होता, चारदोन बायकाही होत्या. बेबाबाईनं घरातून स्वतःच्या लग्नातला चौरंग आणला आणि गाडीच्या दारापाशी ठेवला.

ताईबाईनं तो पाहिला. "उचल माय. त्यावर आपली गौराई बठस."

बेबाबाईनं चौरंग उचलला, बगलेत धरला आणि दुसरा हात पुढे केला. ताईबाईनं तो धरला नाही. तिनं दाराची दांडी पकडली, उजवा पाय पायरीवर टेकला, क्षणभर थांबली आणि एका दमात वर गेली. पदर सावरून खिडकीशी बसली.

"माल चढी गया," ती लेकाला म्हणाली. "चाल आते."

मगन खो खो हसला. वाल्मीकही हसला. बेबाबाईचा हात अजून तसाच पुढे होता.

मधल्या जागेवर बसायला ती गेली नाही. चौरंग घेऊन मागे, मालाच्या हौद्यात चढली. केबिनच्या काचेतून सासूचा अंबाडा दिसत होता.

जळगावला पाण्यासाठी गाडी थांबली तेव्हा ताईबाईनं खिडकीतून डोकं काढलं. "बेबा, पुढं ये माय. ऊन शे."

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाई. मी इथंच बरी," बेबाबाई म्हणाली, आणि वरणगाव येईपर्यंत तिनं काचेकडे पाहिलं नाही.