समोरच्या घरात वाजणारी घंटी

रंभाबाईंना स्वयंपाकघरात कोंडलं गेलं त्या दुपारी समोरच्या घरात महादेवी शिलाईच्या मशीनवर बसल्या होत्या. मशीनच्या खडखडाटात त्यांना एकही हाक ऐकू आली नाही. विजापूर रस्त्याकडेची ही सोसायटी नवी होती, अर्धे प्लॉट अजून मोकळेच होते, त्यामुळे ऐकायला दुसरं कुणी नव्हतंच.

खाकी कपड्यातला एक माणूस मीटर बघायला आलोय म्हणून आत आला. घोटभर पाणी मागितलं. रंभाबाई पाणी आणायला आत वळल्या आणि मागून दाराची कडी पडली. संध्याकाळी त्यांची सून पद्मजा शाळेतून आली तेव्हा घराचं पुढचं दार सताड उघडं होतं. ट्रान्झिस्टर आणि देवघरातली चांदीची भांडी गेली होती आणि आतून दारावर मुठी आपटल्याचा आवाज येत होता. कडी काढली तेव्हा सासूबाईंचा घसा पार बसला होता.

चांदीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. "लई हाका मारल्या गं," एवढंच त्या पुनःपुन्हा सांगत राहिल्या. "कोन आलंच न्हाय."

तेव्हापासून रंभाबाईंनी दार उघडणं सोडलं. भाजीवाली ओरडून पुढे जाई. पोस्टमन दाराखालून पत्रं सरकवी. करमाळ्याकडच्या खेड्यात जिचं उभं आयुष्य अंगणात आणि शेताच्या बांधावर गेलं, ती बाई दिवसभर आतल्या खोलीत पदर घट्ट लपेटून बसू लागली. पद्मजा शाळेत सातवीच्या वर्गाला भूगोल शिकवताना मधेच थांबे. आत्ता घरी काय चाललं असेल, हा विचार तिला खडू हातात घेतल्यावरसुद्धा सोडत नसे.

पद्मजाचा नवरा गंगाधर उजनीच्या धरणावर ओव्हरसियर होता आणि शनिवारी घरी येई. चोरीनंतरच्या शनिवारी तो आला तो टेप घेऊनच. त्यानं सगळ्या खिडक्या मोजल्या.

"सगळीकडे लोखंडी जाळ्या बसवू," तो म्हणाला. "पुढच्या दाराला सरकतं गेट. तू शाळेत जाताना बाहेरून कुलूप लावून जायचं. मग चिंताच नको."

रंभाबाई पोळपाट सोडून उठल्या. "बाहेरनं कुलूप? म्हंजी मी पुन्यांदा कोंडलेली?"

"आई, तुझ्याच भल्यासाठी ना."

"त्यो मानूस एकदाच कोंडून गेला. तू रोज कोंडनार व्हय?"

गंगाधरनं टेप गुंडाळली. त्या रात्री तो जेवला नाही.

मग अकलूजहून त्याचा मावसभाऊ महिपती एक कुत्रं घेऊन आला. उसाच्या फडात रानडुकराला भिडणाऱ्या जातीचं आहे, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं. कुत्रं दिसायला दांडगं होतं खरं, पण पोस्टमन दिसला की शेपूट हलवत जमिनीवर लोळण घेई. चार-पाच दिवसांत सोसायटीतल्या प्रत्येकाच्या हातून त्यानं भाकरी खाल्ली. रंभाबाईंनाच त्याची दया आली. "गरीब हाय बिचारं. फडातच बरं हुतं," म्हणून त्यांनी ते परत पाठवलं.

एका रविवारी पद्मजानं हट्ट धरला. "आई, तुमच्यासाठीच घ्यायचं आहे ना, मग तुम्हीच निवडा. चला माझ्याबरोबर." दोघी टांग्यानं नवी पेठेत गोपाळरावांच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेल्या. इतक्या दिवसांत रंभाबाई प्रथमच उंबरा ओलांडत होत्या. वाटभर त्यांनी सुनेचं मनगट सोडलं नाही.

गोपाळराव हौशी माणूस. त्यांनी फळीवरून एक लहानसं पितळी नळकांडं काढलं. "दाराला भोक पाडून बसवायचं. आतून डोळा लावला की बाहेरचा माणूस दिसतो. त्याला मात्र तुम्ही दिसत नाही. बघा तर खरं."

रंभाबाईंनी ते डोळ्याला लावलं आणि त्यांना हसूच फुटलं. पलीकडे गोपाळरावांचं नाक वांग्याएवढं झालं होतं. पद्मजानं ते हसू ऐकलं आणि तिला एकदम मोकळं वाटलं. घेऊनच टाकू, असं तिनं मनात ठरवलंही.

"ही तर साधी गोष्ट झाली," गोपाळराव रंगात आले. "परदेशात दारावर कॅमेरा बसवतात म्हणे. बाहेर कोण उभं आहे ते घरात टेलिव्हिजनवर दिसतं! मासिकात चित्र होतं. आपल्या सोलापुरात अजून टेलिव्हिजनच नाही, पण येईल की कधीतरी."

रंभाबाईंनी नळकांडं खाली ठेवलं. "त्यात मला चोर दिसला, तर फुडं काय?"

"म्हणजे?"

"दिसला मला. मी घरात एकलीच. मग येनार कोन?"

गोपाळराव नळकांडं पुसू लागले. ते म्हणाले, "दिसला तर तुम्ही दार उघडणार नाही."

"दार तर मी आताबी उघडत न्हाय. त्यानंच तर जीव गुदमरलाय."

पद्मजा सासूकडे बघत राहिली. आपण सगळे दाराचा बंदोबस्त करत होतो आणि यांच्या कानात अजून ती दुपार आहे, हे तिला तिथे दुकानात उभं राहून कळलं. ती म्हणाली, "गोपाळराव, बटण आमच्या घरी आणि घंटी समोरच्यांच्या घरी, असं करता येईल?"

"का नाही? कोरड्या बॅटरीवर चालवू. वीज गेली तरी वाजेल."

महादेवींना विचारायला दोघी संध्याकाळी गेल्या. महादेवी अक्कलकोटच्या, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या. नवरा बसलिंगप्पा डेअरीत पाळीवर असे. चोरीच्या दिवसापासून त्या रंभाबाईंच्या नजरेला नजर देत नव्हत्या. विषय निघताच त्यांचे डोळे भरून आले.

"लावा की रंभाक्का, मशीनच्या डोक्यावरच लावा ती घंटी. पण माझी एक अट आहे. तुमची घंटी माझ्या घरात, तर माझी पण तुमच्या घरात पाहिजे. माझी लेक मल्लव्वा बाळंतपणाला आलीय. मलासुद्धा कुणीतरी लागेल की."

"माजा काय उपेग तुमाला?" रंभाबाई म्हणाल्या. "मी तर दाराभाईर पडत न्हाय."

"असू द्या. तरी लावू."

गंगाधरला हे पसंत पडलं नाही. "दुसऱ्याच्या भरवशावर घर सोडायचं? त्या कधी बाजारात असतील, कधी झोपलेल्या असतील."

"असतील," पद्मजा म्हणाली. "पण आईंना जाळीपेक्षा त्यांचा आधार वाटतो. दिवसभर एकटं राहायचं त्यांना आहे, तुम्हाला किंवा मला नाही." मग गंगाधरच शिडीवर चढला आणि वायरमनबरोबर त्यानं दोन्ही घंट्यांच्या तारा गल्लीवरून नेल्या. रंभाबाईंनी बटण दाबून पाहिलं. समोर घंटी खणखणली आणि महादेवी हातातलं कापड तसंच घेऊन धावत आल्या. दोघी हसल्या. पुढचे काही दिवस बटणाची गरज पडली नाही, पण रंभाबाई दुपारी खिडकीशी बसून निवडणं-टिपणं करू लागल्या.

नवरात्र संपून ऊन पुन्हा तापलं होतं तेव्हाची गोष्ट. पद्मजा शाळेतून परतली तर दाराला कडी घातलेली, बाहेरून. तिनं घाईनं कडी काढली. आत शिरून तिनं सगळ्या खोल्या पाहिल्या. अर्धवट निवडलेले तांदूळ सुपात होते. रंभाबाई कुठेच नव्हत्या. ती धावत समोर गेली. महादेवींचं घर उघडं, आत कुणी नाही, जमिनीवर पाणी सांडलेलं. तेवढ्यात रेशनच्या दुकानातून रॉकेलचा डबा घेऊन महादेवीच गल्लीत शिरल्या.

"मल्लव्वा कुठाय?" त्यांनी दारातूनच विचारलं.

कोपऱ्यावरची भाजीवाली सोनाबाई हातवारे करत आली. "दोगीबी टेम्पोत बसून गेल्या! म्हातारी रस्त्याच्या मदोमद हुबी ऱ्हायली हुती, दोनी हात पसरून. दवाखान्यात चल म्हनत हुती डायव्हरला."

टांगा मिळेपर्यंत महादेवी रस्त्यावरच रडत उभ्या होत्या. पद्मजाही घाबरली होती, तरी तिनं त्यांचा हात धरून ठेवला.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात रंभाबाई बाकावर बसल्या होत्या. पदर सुटलेला, पायात चप्पल नाही. शेजारी खाकी कपड्यातला एक माणूस बशीत चहा ओतून त्यांच्यापुढे धरत होता.

"मुलगी झाली!" रंभाबाई दुरूनच ओरडल्या. "दोगीबी चांगल्या हायत. जा आत, महादेवी, तुमालाच हाका मारतीय ती."

महादेवी आत पळाल्या. पद्मजा सासूजवळ खाली बसली.

"घंटी वाजली गं," रंभाबाई सांगू लागल्या. "मला वाटलं, महादेवी असतील. पर ती वाजतच ऱ्हायली. पोरगी एकलीच असनार, हे डोक्यात आलं आन् मी पळाले. कडी तेवढी लावली, चप्पलबी घातली न्हाय. ती पोट धरून खाली बसलेली. टांगा कुटं दिसंना. मग ह्येचा टेम्पो आला." त्यांनी त्या माणसाकडे बघितलं. "खाली उतरला तर अंगावर खाकी कापडं. मी दोन पावलं मागं सरले, पद्मजा. वाटलं, नको. पर पोरगी कन्हत हुती. म्हनलं, बघू या ह्याच्या तोंडाकडं तरी. तर ह्योच माज्याहून घाबरलेला."

तो माणूस लाजून हसला. मानसिंग त्याचं नाव. सुताचे गठ्ठे गिरणीत पोचवायचे ठेवून तो मूल होईपर्यंत थांबला होता. "पोरीला दोघांनी उचलून ठेवलं, गठ्ठ्यावरच," तो म्हणाला. "मावशी सारख्या ओरडत होत्या, सावकाश घे, सावकाश घे. आणि मी वेग कमी केला की म्हणायच्या, अरे जोरात घे की!"

आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. रंभाबाई बाकावरून उठल्या, पदर खोचला.

"गंगाधरला काय सांगायचं?" पद्मजानं हसत विचारलं.

"सांग, उद्यापास्नं मी दुपारची घरी नसनार. त्या लेकराला तेल लावून न्हाऊ घालायचं हाय. पैलटकरीण पोरीला काय जमतंय ते." मग त्या मानसिंगकडे वळल्या. "तू बी ये की रं घरी, जेवायला. पद्मजा, ह्येला पत्ता नीट सांग."

पद्मजा त्याला पत्ता सांगू लागली, तोवर रंभाबाई बाळ बघायला आत शिरल्यासुद्धा होत्या.