पेटीतला कैलास

पाथर्डीच्या बाजारतळामागे चिंचेखाली ही गर्दी. मधोमध पेटीबाबा. रडून लाल झालेलं लेकरू आणायचं, बाबानं त्याच्या डोळ्यांना भगव्या फडक्यात गुंडाळलेली पेटी लावायची, की लेकरू गप्प! मग बाबा जखमेवर राख थापायचा, तरी ते हूं की चूं करायचं नाही.

"कैलास दिसतोय ना बाळा? तुझी आग महादेवानं कंठात घेतली!" बाबा गरजायचा. "आता औषध न्हाई, पट्टी न्हाई. पट्टी बांधली की देव रुसला!"

महादेवाला हलाहल पचलं, पण पट्टी पचत नाही, हे मला नवीनच होतं.

१९९४ साल होतं. पाथर्डीत माझा दवाखाना होता. रंगुबाईची सहा वर्षांची दीपा उकळत्या डाळीत हात पडून भाजली होती. जखम रोज धुवायची, बोटं सुटी ठेवायची, नाहीतर ती एकमेकांना कायमची चिकटतील, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं. पण पट्टी सोडली की दीपा असा आकांत करायची की रंगुबाईच तिला उचलून पळायची. त्यात दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक ऊसतोडीला निघणार, त्याआधी पोरगी बरी व्हायला हवी. म्हणून ती बाबाकडे गेली.

मी तणतणत चिंचेखाली पोहोचले. माझ्या हाताखाली किंचाळणारी दीपा तिथं हसत होती आणि राखेखालून पू वाहत होता.

"रंगुबाई, हात सडतोय तिचा!"

"बाई, तुमच्याकडं लेकरू जीव टाकतंय. हितं हासतंय. मंग देव कुनाकडं हाय?"

माझा संताप आणखी वाढला. दीपाच्या हातातली पेटी ओढून मी डोळ्यांना लावली. कैलास हात लावावा इतका खरा दिसत होता. बाजूला बोटाला एक खटका लागला, आणि मी ती पेटी ओळखली. तडक नगरची एस. टी. पकडली.

दुसऱ्या दिवशी उकळून गार केलेलं पाणी, पट्ट्या आणि खेळण्यांच्या दुकानातली एक पेटी घेऊन मी पुन्हा चिंचेखाली उभी राहिले.

"रंगुबाई, एकदाच. दीपा रडली तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

बाबा खो खो हसला. "दाखवा, दाखवा! बाईंचा देव कसा हाय, बगू तरी!"

दीपानं चांगल्या हातानं पेटी डोळ्यांना लावली. मी राख धुतली, पू पुसला, चिकटू लागलेली बोटं हळूहळू सुटी केली. तिनं एकदा हात आखडला. मी म्हणाले, "खटका दाब." तिनं दाबला.

"अगं आये, केवढी लांब मान!"

"कैलासावर कुनाची गं मान?" रंगुबाई चक्रावली.

"कैलास न्हाई. जिराफ हाय!"

पट्टी बांधून झाली तरी पोरगी पेटी सोडेना. मी बाबाच्या पेटीवरचं फडकं ओढलं. आत तसंच लाल प्लॅस्टिकचं खेळणं. त्यातली चकती काढून उन्हात धरली. एकाच देखाव्याची दोन इवली चित्रं, दोन डोळ्यांना दोन. मेंदू ती जुळवतो आणि त्या देखाव्यातच शिरतो. मग दुखण्याकडं त्याचं लक्ष कमी राहतं.

"त्यात माझा मंत्र हाय!" बाबा ओरडला.

"मग माझ्या जिराफानं कुठला मंत्र म्हटला?"

लोक हसले. संध्याकाळपर्यंत बाबानं गाशा गुंडाळला.

मला वाटलं, संपलं. सकाळी दवाखान्याच्या पायरीवर नारळ फुटलेला! आक्काबाई नावाची म्हातारी माझ्या पेटीला हळदकुंकू वाहत होती. "लई गुन हाय बाईंच्या पेटीला. माजी कंबर धरलीय, जरा लावा की!"

मी कपाळाला हात लावला. ओरडणार, एवढ्यात पट्टीसाठी आलेली दीपाच वैतागून म्हणाली, "आज्जे, त्यात देव न्हाई. जिराफ हाय. हात बाईंनी धुतलाय."

रंगुबाई खाली मान घालून हसली. यंदा दीपाला आजीपाशी ठेवून ती ट्रकमध्ये बसणार होती, म्हणजे पट्टी चुकायची नाही.

पेटीनं पोर रमतं, हे खरंच आहे. रमवा की! पण दुखायचं थांबलं म्हणजे जखम भरली असं नव्हे. जो जखम धुऊ देत नाही, त्याच्या पेटीवरचं फडकं आधी ओढा.

दीपाची बोटं सुटी राहिली. जखम भरल्यावर ती त्याच बोटांनी खटका दाबू लागली.