डाव्या पायाची स्की

तळ

"दोन्ही पायांवर नको. डाव्यावर. एकट्या डाव्यावर उभा राहा."

"उभाच आहे की."

"मग टेबल सोड."

ओद्वारनं टेबल सोडलं. तुरीड, त्याची बायको, गॅरेजच्या फरशीवर पालथी पडली होती, गाल थंड सिमेंटला टेकलेला. त्याच्या पायातल्या जुन्या स्कीच्या मध्याखाली तिनं वर्तमानपत्राची पट्टी सरकवली होती. तिनं पट्टी ओढून पाहिली. हलली नाही.

"धरली," ती म्हणाली.

"मग? मी काय सांगत होतो?" ओद्वार डावा हात पँटच्या खिशात घालून ताठ उभा होता.

शेजारचा अर्विद उलट्या बादलीवर बसून वॅफल खात होता. "बायको पायाशी लोळतेय आणि हा खिशात हात घालून उभा. जन्मात सुधारला नाहीस रे तू."

"तू खा मुकाट्यानं," तुरीड फरशीवरूनच म्हणाली.

कमान

स्की सपाट नसते. मध्ये तिला कमान असते आणि त्या कमानीखाली मेण लावतात. पायानं जोर दिला की कमान दबते, मेण बर्फ पकडतं, माणूस पुढे जातो. जोर कमी पडला तर कमान दबत नाही, स्की मागे घसरते आणि माणूस जागच्या जागी राहतो.

ओद्वारला लहानपणी पोलिओ झाला होता. डावा पाय बारीक राहिला, पण चालता झाला, गावच्या शर्यतीतही उतरला. सत्तरी ओलांडल्यावर आजार उरलेली वसुली करायला परत आला. डॉक्टरनं त्याला एक लांबलचक नाव दिलं. ओद्वारनं ते लक्षात ठेवलं नाही.

दरीच्या वर, बर्चची झाडं संपतात तिथे, त्याच्या वडिलांनी बांधलेली केबिन आहे. हिवाळ्यात रस्ता नसतो. ईस्टरला सगळं गाव स्कीवरून वर जातं. मागच्या ईस्टरला ओद्वार अर्ध्या चढावरून परतला आणि आठवडाभर डोंगराकडे पाठ करून जेवला.

"स्नो-स्कूटरच्या मागे घसरगाडी आहे माझी," अर्विद तेव्हा म्हणाला होता. "घोंगडं टाकून नेतो तुला."

"लाकडं नेतोस त्यात?"

"हो."

"मग लाकडंच ने."

स्कीच्या दुकानातल्या पोरीनं तुरीडचं ऐकून घेतलं, दोनदा. "उजवी कडक आणि डावी मऊ? तशी जोडी येत नाही हो."

यंत्र

तेव्हा तुरीडला प्रश्न पडला: मग स्की करतात कशी?

बस डेपोत ती ब्रेक दुरुस्त करायची. हवेच्या दाबाशी तिचं जमायचं. पाडलेल्या पुलाच्या लोखंडी तुळया तिनं एकावर एक बसवल्या. मधल्या फटीत अग्निशमन दलाचा जुना होस, पाण्याचा जाड पाइप, चपटा करून घातला. दलात अर्विद होताच. होसची दोन्ही तोंडं पोलादी पट्ट्यांत आवळली. हवा भरली की होस फुगणार आणि खालच्या साच्यावर स्की दाबून धरणार.

पहिल्यांदा हवा भरली तेव्हा एका तोंडानं पट्टी झुगारली. असा आवाज झाला की अर्विद बादलीसकट आडवा.

"बंब बोलवू का?" ओद्वारनं दारातून विचारलं.

"बंबच पडलाय," तुरीड म्हणाली.

मग लाकडाच्या दोन उतरत्या पट्ट्या आल्या. त्यांवरून यंत्राचा रंधा सरकवला की त्यांच्यात बसवलेलं लाकूड मध्ये जाड आणि टोकांना पातळ उतरतं. मग साचा. साचा चुकला. दुसरा साचा. शेजारपाजारचे डोकावून जायचे. स्की कधी, असं कुणी विचारलं की तुरीड त्यांना होस दाखवायची. स्कीचं तिला मधूनमधून विसरायलाही व्हायचं, इतकं ते यंत्र तिला आवडलं होतं.

कडा

पोलादाच्या. त्या लावताना तिनं दोनदा बोट कापून घेतलं. एवढंच.

गाभा

बाहेरून अ‍ॅशचं लाकूड, आत स्प्रूसचं. वरखाली काचेचं कापड, सगळं चिकटवायला राळ. गाभा अर्धा मिलिमीटर जाड राहिला तरी ती स्की दुसऱ्याच माणसाची होते. म्हणूनच ती कागदाची पट्टी: पाय खरा किती दाबतो, ते आधी कळायला हवं. पट्टीनं सांगितलं, पाय बरा आहे. तुरीडनं त्या बेतानं गाभा ठेवला.

बर्फ

शाळेमागच्या मैदानात ओद्वारनं डाव्या पायात नवी स्की चढवली, दोन्ही हातांत काठ्या धरल्या. उजव्या पायानं रेटा. पुढे गेला. डाव्यानं रेटा. स्की मागे सटकली.

"मेण चुकलं," तो म्हणाला.

तुरीडनं मेण बदललं. सटकली.

"बर्फ जुना आहे."

नव्या बर्फाकडे गेले. सटकली.

ओद्वारनं स्की काढून बर्फात उभी खोचली. "तुझी स्की चुकलीय, तुरीड."

"असेल," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं.

बिघाड शोधणे

मेण? नाही, तीन प्रकारचं लावून झालं.

साचा? पुन्हा मोजला. नाही.

राळ कच्ची राहिली? वाजवून पाहिली. टणक.

माणूस? तोच.

पाय? तोच.

गॅरेजात पट्टी धरते आणि मैदानात स्की धरत नाही. बस डेपोत उभी असताना ब्रेक लागतो आणि घाटात लागत नाही, तर घाटात काय वेगळं आहे, असं तिचे जुने मुकादम विचारायला लावायचे. ती विचारत राहिली. जेवताना विचारत राहिली. ओद्वार म्हणाला, "माझ्याकडे अशी बघू नकोस, मी बस नाहीये."

मग एका सकाळी तो अंगणातून गॅरेजकडे येत होता. उजव्या हातात कॉफीची किटली, डाव्या हातात दोन कप. तिसऱ्या पावलाला त्याचा डावा गुडघा पुढे मुडपला. त्यानं दोन्ही कप उजव्या हाताच्या बोटात अडकवले, डावा हात खिशात घातला आणि नीट चालत आला.

तुरीडनं कॉफी घेतली. घरात जाऊन त्याच्या पँटी काढल्या, एकेक करून डावा खिसा उलटा केला. सगळे तिनंच शिवलेले, ठिगळावर ठिगळ. लग्न झाल्यापासून ती डावेच खिसे शिवत आली होती. किल्ल्यांनी फाटतात, असं तिला वाटायचं. किल्ल्या तो उजवीकडे ठेवतो.

तिनं स्वतःच्या खिशात हात घातला, आतूनच मांडी मागे रेटली. गुडघा कडी घातल्यासारखा अडकला. पायाला काही करावंच लागलं नाही.

स्कीवर दोन्ही हातांत काठ्या असतात.

पुन्हा गाभा

अर्विद कामावर गेल्याची तिनं खात्री केली. गॅरेजचं दार ओढून घेतलं.

"काठ्या घे," ती म्हणाली.

"घरात?"

"घे. टेकवू नकोस, नुसत्या धर."

ओद्वारनं काठ्यांना हात लावला नाही. "कुणी सांगितलं तुला?"

"खिशांनी."

तो बादलीवर बसला. "आईनं शिकवलं होतं. शाळेत पोरं हसू नयेत म्हणून."

"मला सांगायचंस."

"बाकीच्यांचं काय गं. तुझ्यापासूनच तर लपवत होतो."

तुरीडनं कागदाची पट्टी घेतली. ती फरशीवर पालथी पडली. तो उठला, काठ्या घेतल्या, डाव्या पायावर उभा राहिला. गुडघा मुडपायला लागला तसा उजवा पाय त्यानं खाली टेकला. तिनं पट्टी ओढली. कुठेही न अडता पट्टी हातात आली.

"आली?"

"आली."

"सगळी?"

"सगळी. बस आता."

"थांब. नीट माप घे," तो म्हणाला. "एकदाच घे, पण खरं घे."

तिनं न्हाणीघरातला वजनकाटा आणून त्याच्या पायाखाली ठेवला. जमेल तेवढा रेटा दे म्हणाली. त्यानं भिंतीकडे बघत रेटा दिला. आकडा तिनं वाचला; त्यानं तो विचारला नाही.

"एवढी मऊ केली तर उतारावर मेण घासून ओढेल," तो म्हणाला.

"ओढेल."

"पोरंटोरं पुढे जातील."

"जातील."

"बरं," ओद्वार म्हणाला. "मग चालव रंधा. मी पट्टी धरतो."

वरचा थर

काही लावला नाही. लाकूड दिसू दे, म्हणाला.

माग

ईस्टरच्या गुरुवारी चढाच्या पायथ्याशी त्यानं टोपी कानांवर ओढली. "तू मागोमाग येऊ नकोस. मी वळणाआड गेलो की नीघ."

"पडलास तर?"

"तर पडेन."

ती थांबली. माणसं पाठीवर पिशव्या घेऊन तिला ओलांडून जात होती, नमस्कार करत होती. त्यांनी त्यालाही ओलांडलं. तो वळणाशी पोचला, क्षणभर उभा राहिला, मग दिसेनासा झाला.

तुरीड मागापाशी आली आणि वाकली. बसखाली वाकायची तशी. बाकीच्यांच्या मागांपासून जरा बाजूला त्यानं स्वतःचा माग पाडला होता. उजवी रेघ लांब, गुळगुळीत. डावी खरबरीत, ओढलेली, आखूड तुकड्यांची. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी बर्फावर एक दाबलेला ठसा होता. स्की मागे सटकली की ठसा पुसला जातो, तिथे फरफट दिसते. तिनं वळणापर्यंतचे ठसे एकेक करून बघितले. फरफट कुठेच नव्हती.

माग चढायला सोपा होता, तयार होता. तिनं आपल्या स्की त्यात घातल्या नाहीत. ती शेजारच्या भुसभुशीत बर्फात उतरली, पोटरीपर्यंत रुतली, आणि त्या दोन रेघांना धक्का न लावता कडेकडेनं वर चढू लागली.