मनगटाची आतली बाजू

मी एक जुनी पायपेटी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझं डोकं अजून तापलेलं आहे. गोड गोड आठवणी ऐकायला बसला असाल, तर जरा दमानं घ्या. आठवणी आहेत, पण त्या माझ्या रागाच्या मागून येतील.

हल्ली मला ओळखतं तरी कोण? परवा संडेस्कूलची एक मुलगी आईला विचारत होती, "आई, या टेबलाला कुलूप का आहे?" टेबल! अगं बाई, मी वाद्य आहे. माझ्या पायथ्याशी दोन फळ्या आहेत. त्या आळीपाळीनं पायांनी दाबल्या की माझ्या पोटातला भाता हवा ओढतो. मग वरची पट्टी दाबली की आतली पितळेची जीभ थरथरते आणि सूर निघतो. म्हणजे कुणाचे तरी पाय आणि कुणाचे तरी हात मिळाल्याशिवाय मला एक शब्द बोलता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण माझं सगळं दुखणं तिथंच आहे.

मला एका सुतारानं घडवलं. त्याच्या भुवयांवर कायम भुसा असायचा. सगळं काम झालं, पॉलिश झालं, आणि मग चर्चचे तेव्हाचे पाळकसाहेब म्हणाले, "पुढच्या फळीवर मोठा क्रूस हवा." झालं! सुतारानं पटाशी घेतली, हातोडा घेतला आणि तीन दिवस माझ्या छातीवर ठोकत बसला. मला कुणी विचारलं नाही. चर्चमध्ये आले तेव्हा मात्र जो तो त्या क्रुसावरून हात फिरवून म्हणायचा, "वा! काय सुंदर कोरलाय!" लाकडावर कोरलेला क्रूस चांगला की वाईट, यावर तेव्हा कुणी सभा भरवल्याचं मला आठवत नाही.

मग मास्तर आले. शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी मला वाजवायचे. एकेचाळीस वर्षं वाजवलं त्यांनी. इतरांना वाटायचं त्यांची बोटं फार चांगली आहेत. मला विचाराल तर त्यांचे कान चांगले होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी ते किंचित थांबायचे. पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायकांना दम लागायचा ना, त्यांचा श्वास भरून होईपर्यंत ते थांबायचे. मग पुढची ओळ. त्यामुळे आमच्या मंडळीत कुणी कधी मागं राहिलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी. दिवस भरायच्या आत जन्मली, तळहाताएवढी होती, म्हणून सगळे तिला इवली म्हणायला लागले. आज पस्तिशीची आहे, मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, तरी इवलीच. लहानपणी मास्तरांचा गुडघा धरला की ती खाली बसून दोन्ही हातांनी माझ्या फळ्या दाबायची. पुढं मास्तरांच्या हातांना कंप सुटला आणि ती वर बसली. वडिलांसारखीच थांबायची, म्हाताऱ्यांचा श्वास ऐकून. मास्तर पहिल्या बाकावरून ऐकायचे आणि मान हलवायचे. माझे ते सोन्याचे दिवस होते.

आता मूळ गोष्टीवर येते.

एका शनिवारी इवली सरावाला आली आणि तिनं पट्ट्यांवर हात ठेवले. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला काहीतरी नवं होतं. नखाएवढा निळा क्रूस. गोंदवलेला. वाजवताना तळहात खाली असतात, म्हणून तो फक्त मला दिसायचा. दोन महिने फक्त मला माहीत होतं. मग आत्याबाईंनी पाहिलं.

आत्याबाई म्हणजे आमच्या गायकवृंदातल्या सगळ्यात म्हाताऱ्या. कुणाच्या आत्या होत्या देव जाणे, सगळेच आत्याबाई म्हणायचे. त्यांनी इवलीचा हात उलटा करून पाहिला.

"हे काय गं?"

"आत्याबाई, ऑपरेशन थिएटरात अंगावर काही चालत नाही. अंगठी नाही, बांगडी नाही, साखळी नाही. आईचा गळ्यातला क्रूस मी रोज काढून खिशात ठेवायचे. एक दिवस कपडे धुलाईला गेले, त्यात तोही गेला. चार दिवस शोधला. आईची तेवढीच वस्तू राहिली होती हो माझ्याकडं."

"आणि म्हणून हे?"

"हा काढून ठेव म्हणून कुणी सांगणार नाही."

आत्याबाई म्हणाल्या, "मला विचारलं असतंस तर नको म्हणाले असते. अंगावर कायमचं काही करून घेताना दहादा विचार करावा. पण केलंस ना आता? बरं. ते तिसरं कडवं पुन्हा घे, तिथं मी घसरते." बस्स, एवढंच. कळतंय का मित्रांनो, एवढ्यावरच संपलं असतं हे.

पण नाही! एका रविवारी पंख्याच्या वाऱ्यानं गीतांचा कागद उडाला, इवलीनं हात वर करून तो पकडला आणि बाही खाली घसरली. पहिल्या रांगेत चर्च कमिटीचे सेक्रेटरी बसले होते. त्यांची नजर उपासनेत कमी आणि उपासकांवर जास्त. मंगळवारी संध्याकाळी कमिटी बसली, तीही माझ्यासमोरच. राईचा पर्वत कसा होतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मला डोळे नाहीत, ते सोडा.

सेक्रेटरी म्हणाले, "पवित्र शास्त्रात स्पष्ट मनाई आहे. अंगावर खुणा करून घेऊ नका."

तरुण संघाचा अध्यक्ष उसळला, "त्याच्या शेजारच्याच वचनात दाढीचे कोपरे कापू नका असंही आहे. तुम्ही तर रोज गुळगुळीत करून येता!"

"विषय बदलू नका. शरीर हे देवाचं मंदिर आहे. मंदिराच्या भिंतीवर कुणी लिहितं का?"

"लिहिलंय की! तुमच्या डोक्यावरच बघा, हातभर अक्षरात."

सगळ्यांनी वर पाहिलं. पुलपिटाच्या, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्याच्या, मागच्या भिंतीवर बायबलचं वचन रंगवलेलं आहे, गेली तीस वर्षं. कुणीतरी हसलं. पाळकसाहेब म्हणाले, "हे पाहा, या बाबतीत चांगली चांगली माणसं दोन्ही बाजूंना आहेत. कुणी ती साक्ष मानतं, कुणी ती हौस मानतं. मन काय म्हणतं ते आधी बघू या." पण त्यांचं कोण ऐकतंय? एक तास भांडले. इवली शेवटच्या बाकावर बसली होती. "का गोंदवलंस?" हा एक प्रश्न तिला एकानंही विचारला नाही. ती सांगायला उठली, तर सेक्रेटरी म्हणाले, "व्यक्तिगत नको, आपण तत्त्वावर बोलतोय." अहो, मनगट कुणाचं आहे? तत्त्वाचं?

शेवटी सगळ्यांनी मास्तरांकडं पाहिलं. इवलीनंही पाहिलं. मास्तर काठीवर हात ठेवून म्हणाले, "देवानं दिलेलं अंग आहे. ते गोंदण आहे तोवर तिनं पेटीला हात लावू नये."

मित्रांनो, मी सांगते, त्या क्षणी माझ्या फळ्यांवर कुणी चुकून पाय ठेवला असता तर मी किंचाळले असते. कारण मला एक गोष्ट माहीत होती, जी त्या खोलीत दुसऱ्या फक्त एका माणसाला माहीत होती, आणि तो माणूस मूग गिळून बसला होता. माझ्या छातीवरच्या फळीला आतली बाजूही आहे. तिथं दुसरा एक क्रूस आहे. लहान, वेडावाकडा, चाकूनं कोरलेला, आणि खाली एक तारीख. तो मास्तरांनी कोरलाय. पस्तीस वर्षांपूर्वी, एका दुपारी, एकटे असताना. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणतात. इथं तर कार्टंही स्वतःचंच होतं!

पण बोलणार कशी? हवा नाही, आवाज नाही.

त्यानंतर सात महिने मी बंद होते. माझ्या जागी स्पीकरची एक डबी आली. बटण दाबलं की गाणं सुरू. ती कुणासाठी थांबत नाही. म्हाताऱ्या बायका पहिल्या कडव्यातच मागं पडायच्या आणि तिसऱ्यापर्यंत गप्प व्हायच्या. माझ्या डोक्यावर फुलदाणी ठेवली, तिचं पाणी झिरपलं. मग उंदीर आला. त्यानं भात्याचं कातडं कुरतडलं, आणि तेही कुठून, तर त्या सुंदर क्रुसाच्या बरोब्बर मागून. बाहेर क्रूस असला म्हणून उंदीर लाजला नाही.

तरुणांचंही काय कौतुक सांगू? इवलीच्या बाजूनं म्हणून पाच जणांनी हातावर क्रूस गोंदवून घेतले. एकानं तर मनगटापासून कोपरापर्यंत. फोटो काढले, सगळीकडं पाठवले. शनिवारी झाडायला मात्र एकही नाही. हातावर क्रूस आणि हात खिशात. त्यांच्यापैकी एकानं जरी माझं झाकण उघडून पाहिलं असतं, तर उंदीर सापडला असता.

आणि घरी? इवली मास्तरांचं जेवण टेबलावर ठेवायची आणि ड्यूटीला निघून जायची. मास्तर एकटे जेवायचे. आत्याबाई हे सगळं पाळकसाहेबांना माझ्याशेजारी उभ्या राहून सांगत होत्या. म्हणाल्या, "एका घरात दोन पाहुणे राहतायत हो. आणि ऐकून ठेवा, माझ्या वेळी ती डबी लावायची नाही. इवलीनं वाजवायचं. नाहीतर मी उठून बसेन."

महिन्याभरानं त्यांची वेळ आलीच.

चर्च भरलं होतं. आत्याबाई मधोमध शवपेटीत शांत पडून होत्या. पाळकसाहेब म्हणाले, "त्यांची इच्छा होती, तेव्हा इवली, ये." सेक्रेटरींनी घसा खाकरला. मास्तर जमिनीकडं पाहत राहिले. इवली आली, तिनं फुलदाणी खाली ठेवली, झाकण उघडलं, फळ्यांवर पाय ठेवले.

फुस्स.

पुन्हा दाबलं. फुस्स. सात महिन्यांनी माझ्यापाशी पाय आले, हात आले आणि माझाच आवाज गेला! अशी चीड मला उभ्या आयुष्यात आली नव्हती. इवलीचे डोळे भरले. सेक्रेटरी डबीकडं निघाले, "राहू दे, मी लावतो."

तेवढ्यात पहिल्या बाकावरून काठी वाजली. मास्तर उठले होते. ते माझ्यासमोर आले आणि हळूहळू खाली बसले. माझ्या फळीला दोन खिट्ट्या आहेत, कुठं ते फक्त त्यांनाच माहीत. त्यांनी फळी काढून शेजारी टेकवली.

"चिकटपट्टी आहे का जवळ?"

नर्सच्या पर्समध्ये नसेल तर कुणाच्या असेल? इवली खाली बसली, पट्टी दिली, मोबाईलचा उजेड धरला. आणि तो उजेड फळीच्या आतल्या बाजूवर पडला.

"बाबा, ही तर माझ्या जन्माच्या महिन्यातली तारीख आहे. हे कुणी कोरलं?"

मास्तर पट्टी चिकटवत राहिले. हात थरथरत होते, पट्टी नीट बसत नव्हती.

"मी."

"कधी?"

"तुला काचेच्या पेटीत ठेवलं होतं तेव्हा. सव्वा किलोची होतीस. मला आत सोडत नव्हते. इथं येऊन बसलो. प्रार्थना सुचेना, वाजवता येईना. खिशात पेन्सिलीचा चाकू होता."

इवलीनं मोबाईल आणखी जवळ धरला. तिचं मनगट त्या उजेडात, त्या कोरलेल्या क्रुसाशेजारी होतं. मागं लोक खोकत होते, बाक करकरत होते.

"माझा आत होता," मास्तर म्हणाले. "कुणाला दिसला नाही, म्हणून मी शहाणा. चुकलं माझं, इवले. आईचा क्रूस हरवला हेसुद्धा मला आत्याबाईंकडून कळावं? मी विचारायला हवं होतं." मग नाक पुसून म्हणाले, "जा, बस वर. ही पट्टी टिकणार नाही. मी हातानं दाबून धरतो."

आणि तिनं वाजवलं. मास्तर जमिनीवर बसून माझ्या पोटात हात घालून भात्याची चीर दाबून होते. त्यांच्या कंपानं माझा सूरही थोडा थरथरत होता. इवली ओळीच्या शेवटी थांबत होती. तिसऱ्या कडव्यात, जिथं आत्याबाई घसरायच्या, तिथं ती जरा जास्तच थांबली. सगळे थांबले. मग सगळे मिळून पुढं गेले.

आता तुम्ही म्हणाल, झालं ना गोड, मग राग कसला? राग आहे, मित्रांनो! सात महिने वाया गेले माझे. आत्याबाईंना जिवंतपणी ऐकायला मिळालं नाही, त्याचं काय? कमिटी अजून तिथंच आहे. "विश्वासी माणसानं गोंदवावं की नाही, निर्णय पुढील सभेत," असं लिहून ठेवलंय. ठरवा बाबांनो सावकाश. प्रश्न खोटा नाही. गोंदवणार असाल तर आत्याबाईंचं ऐका, दहादा विचार करा. नसाल गोंदवणार तर तेही बरंच. माझ्यावर एक क्रूस बाहेरून आहे, एक आतून आहे, आणि खरं सांगू? दोन्हींपैकी एकानंही मला वाजवलं नाही. फक्त कुणाच्या हातावर काही दिसलं, तर पुस्तक उघडण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. आणि कृपा करून माझ्यावर फुलदाणी ठेवू नका.

भात्याला नवं कातडं बसून आता तीन महिने झाले. हातानं दाबून धरायची काही गरज उरलेली नाही. तरी दर शनिवारी सरावाला मास्तर येतात, काठी बाजूला ठेवतात आणि कण्हत कण्हत माझ्या पायथ्याशी जमिनीवर बसतात. इवली म्हणते, "बाबा, बाकावर बसा ना, गुडघे दुखतील." ते ऐकत नाहीत. वाजवणाऱ्याच्या मनगटाची आतली बाजू फक्त तिथून, खालूनच दिसते.